एरंडेलाचा धूर

मंडळी, शनिवारी घोटावड्याला मित्राच्या पडीक रानात माझा नायट्रो ट्रक पळवला. रिमोटवरचा, पण इंजिन खरंखुरं. धूर पाहून मित्राची आजी म्हणाली, "एरंडेल जाळताय काय रे?" बरोब्बर! मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या या इंधनात वंगण म्हणून एरंडेल असतं.

पूर्वी छोट्या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल असं ओझं वाहावं लागे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेनने ग्लो प्लग बाजारात आणला. बॅटरी फक्त चालू करताना. मग मिथेनॉलशी होणाऱ्या क्रियेने प्लॅटिनमची तार तापलेलीच राहते. ओझं गेलं, पण ठिणगीची वेळ जुळवणारा खटकाही गेला. ट्यूनिंगची सगळी भिस्त आली कार्ब्युरेटरच्या सुईवर. १९९९ च्या ट्रॅक्सस टी-मॅक्सनंतर नायट्रो ट्रकचं वेड पसरलं, तरी सुई तीच.

मी याच सुईपायी एक इंजिन घालवलंय. सुई आवळली की इंधन कमी, वेग सुसाट. पण इंधनाबरोबर वंगणही घटतं राव! धूर नाहीसा झाला, मी खूश. आणि पिस्टन कायमचा अडकला.

नंतर क्लच बदलला, चाकं बदलली. खरं अपग्रेड एकच: सुई किंचित सैल. निवांत पळवायचंय ना? मग धूर दिसलाच पाहिजे.