तणनाशकांची हवाई फवारणी, गव्हावरील

उभ्या पिकातील तणांचा नाश करण्यासाठी तणनाशक द्रावण विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोन (मानवरहित विमान) यांच्या साहाय्याने वरून फवारण्याच्या पद्धतीस हवाई फवारणी म्हणतात. वाऱ्याने भरकटलेले कीटकनाशक शेजारच्या पिकास सहसा मारीत नाही. भरकटलेले तणनाशक मात्र ते पीकच नष्ट करू शकते. त्यामुळे या पद्धतीच्या इतिहासात यंत्राच्या प्रगतीइतकाच वाऱ्याचा विचार महत्त्वाचा आहे.

विमानातून विषारी भुकटी धुरळण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेतील ओहायओ राज्यात १९२१ मध्ये झाला. १९४५ च्या सुमारास २,४–डी हे निवडक तणनाशक बाजारात आले. त्याने रुंद पानांची तणे मरतात, तृणकुलातील गहू मात्र योग्य अवस्थेत फवारल्यास टिकतो. समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळी गव्हावर ही फवारणी वसंतात करतात. मानवरहित हेलिकॉप्टरचा कृषी-उपयोग प्रथम जपानने १९८७ पासून भातशेतीत रूढ केला.

भारतात कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये झाला. तणनाशकेही त्याच्याच कक्षेत येतात. या अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांत हवाई फवारणीचे क्षेत्र खुणांनी दाखविणे आणि असंबंधित माणसे व जनावरे तेथून दूर ठेवणे या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. तरीही या पद्धतीविषयी अविश्वास राहिला. केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. ती फवारणी २००० साली थांबली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रसायनावर देशभर बंदी घातली. पाठीवरील पंपही निर्धोक नव्हता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याला विषाच्या तुषारांपासून दूर ठेवणे, हा ड्रोनच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद होय.

ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनद्वारा फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये गहू व कापूस धरून दहा पिकांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती देण्यात आली. त्याच वर्षी १५,००० महिला स्वयंसहायता गटांना ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर झाली. तणनाशकांमुळे ज्या स्त्रियांचा निंदणीचा रोजगार कमी होतो, त्यांच्यापैकीच काहींच्या हाती ते फवारण्याचे यंत्र द्यावे, असा हा काहीसा विचित्र योग आहे.

खानदेशात या प्रश्नास स्थानिक वळण मिळते. भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेले गाव आहे. येथील गहू नोव्हेंबरात पेरतात, पेरणीनंतर सु. ३० ते ३५ दिवसांनी, म्हणजे ऐन थंडीत, तणनाशक देतात आणि वसंत येईतो पीक पिवळे पडू लागते. चाकवत, चांदवेल, गाजरगवत ही रुंद पानांची तणे २,४–डी किंवा मेटसल्फ्युरॉन-मिथाइल यांनी आटोक्यात येतात. परंतु नेमक्या याच काळात बांधापलीकडे हरभरा कोवळा असतो आणि कुठे कपाशीची फरदड उभी असते. २,४–डी या दोन्ही पिकांना घातक आहे. कपाशीस तर त्याचा अत्यल्प अंशही बाधतो. तिची पाने आखडून बोटांसारखी होतात.

थेंबाच्या आकारावर येथे बरेच काही अवलंबून असते. निश्चल हवेत १०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबास २ मी. उंचीवरून खाली येण्यास सु. ७ सेकंद लागतात, ३०० मायक्रॉनच्या थेंबास दोन सेकंदही लागत नाहीत. सेकंदाला ३ मी. वेगाचा वारा असल्यास पहिला थेंब २० मी. पलीकडे जाईल, दुसरा ५–६ मीटरांत पडेल. पंख्यांच्या खालच्या झोताने हे अंतर काहीसे बदलते. म्हणून तणनाशकासाठी जाड थेंबांची तोटी वापरतात, ड्रोन पिकालगत उडवितात आणि वाऱ्याच्या दिशेकडील पट्टा न फवारता सोडतात. पाठीवरील पंपास हेक्टरी ४०० ते ५०० लि. पाणी लागते, ड्रोनला २० ते २५ लि. पुरते, म्हणजे द्रावण सु. वीसपट तीव्र असते आणि चुकीच्या शेतात पडलेला प्रत्येक थेंब तितकाच अधिक घातक ठरतो.

हिवाळ्यातील पहाटेची निवांत हवा फसवी असते. जमिनीलगत थंड व वर उबदार असा थर असल्यास बारीक तुषार न बसता तरंगत दूर जातात. त्यामुळे ऊन वर आल्यानंतरची मंद, स्थिर दिशेची झुळूक अधिक इष्ट. टाकीची स्वच्छताही तितकीच आवश्यक आहे. मेटसल्फ्युरॉन-मिथाइलची मात्रा हेक्टरी अवघी ४ ग्रॅ. क्रियाशील घटक इतकी असते. टाकीत राहिलेला अंश नंतर कपाशीवर गेला, तर पीक हातचे जाते. शिवाय हे धुवण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतता येत नाही. वरणगावच्या जवळच तापीवर हतनूर धरणाचा जलाशय असून तो पाणपक्ष्यांसाठी ओळखला जातो.

वरणगाव येथे १९६४ मध्ये स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखानाही आहे. संरक्षणविषयक आस्थापनांच्या आसपास उड्डाणास निर्बंध असू शकतात. ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे लाल, पिवळा व हिरवा असे विभाग केलेले असून लाल विभागात केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. या परिसरातील चालकास वाऱ्याबरोबरच हा नकाशाही उड्डाणापूर्वी पाहावा लागतो.