राष्ट्रप्रमुखाची संदेशसुरक्षा

राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख दूरध्वनीवर अथवा बिनतारी यंत्रावर जे बोलतो ते परक्याच्या कानी पडू नये, पडलेच तर उमगू नये, आणि बोलणारा कोठे आहे याचा माग लागू नये, यासाठी केलेली व्यवस्था. भारतात राष्ट्रपती हे राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान शासनप्रमुख असले, तरी या बाबतीत दोघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

मराठी मुलखातले याचे सर्वांत परिचित उदाहरण तारायंत्राच्याही आधीचे आहे. जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे उत्तरेकडे कूच करत असताना पानिपतची बातमी त्यांना स्वतःच्या डाकेतून नव्हे, तर एका सावकाराच्या जासुदाकडच्या पत्रातून कळली. दोन मोती गेले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही, अशा अर्थाचा तो मजकूर ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात दिला आहे. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीची फौज. वरवर तो मजकूर सराफी पेढीवरच्या चिठ्ठीसारखा साधा. पेशव्यांकडे मात्र त्याचा अर्थ लगेच लागला. संदेशाची काळजी घेतली ती सावकाराने. राज्याच्या कारभाऱ्याला आपल्याच सैन्याचे वर्तमान दुसऱ्याचे टपाल उघडून घ्यावे लागले.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ मध्ये. तारेवरचे बोलणे चोरायचे तर कोणाला तरी तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी बोलणे मात्र ज्याच्याकडे योग्य संच आहे त्या प्रत्येकाला ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल आणि रूझवेल्ट यांचे अटलांटिकपार संभाषण बिनतारी मार्गाने होई आणि त्यावर आवाजाचे पट्टे उलटसुलट करणारे यंत्र बसवलेले असे. जर्मन टपालखात्याच्या अभियंत्यांनी हॉलंडच्या किनाऱ्यावर ठाणे मांडून ते उलगडले. जुलै १९४३ च्या अखेरीस इटलीच्या शरणागतीबद्दल दोघे बोलले, तेही त्यांनी टिपले.

तोवर अमेरिकेत बोलणे गुप्त करणारे ‘सिगसॅली’ हे यंत्र तयार झाले होते. त्याचे वजन सुमारे ५० टन, आणि यंत्रांची ४० कपाटे भरत. एक संच पेंटागॉनमध्ये, दुसरा लंडनमधल्या सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्यात निव्वळ खरखर मिसळली जाई. ही खरखर ग्रामोफोनच्या तबकडीवर असे. तबकडीच्या दोनच प्रती, एकेका टोकाला एकेक. सुमारे १२ मिनिटांत ती संपे आणि दोन्ही प्रती नष्ट केल्या जात. दोन्हीकडच्या तबकड्या अगदी एकाच वेगाने फिरल्या तरच पलीकडे शब्द उमटत. एकदा वापरून टाकून द्यायच्या किल्लीचे हे तत्त्व आजही पक्के मानले जाते. १९६३ ची वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइनही त्यावरच चाले. चित्रपटांत तिथे लाल टेलिफोन दाखवतात, प्रत्यक्षात ते टेलिप्रिंटर होते. घाईत बोललेल्या वाक्यापेक्षा लिहिलेला मजकूर बरा, हा त्यामागचा विचार शहाणपणाचा होता.

मजकूर अभेद्य ठेवला तरी ठिकाण लपत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत, तेव्हा लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांना चुकवण्यासाठी प्रक्षेपक सतत एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावा लागे. तो रेडिओ तर सर्वांनी ऐकावा म्हणूनच होता. लपवायची होती फक्त जागा. चेचन्याचे अध्यक्ष झोखर दुदायेव २१ एप्रिल १९९६ रोजी उपग्रह-दूरध्वनीवर बोलत असताना रशियन हल्ल्यात मारले गेले.

भारतात मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी ‘रॅक्स’ हे स्वतंत्र, मर्यादित दूरध्वनी केंद्र आहे. त्याचे क्रमांक चार आकडी. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या दौऱ्याचे नियम ‘ब्लू बुक’मध्ये असतात. २ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू वारणानगरला महिला उद्योग समूहाच्या सुवर्णमहोत्सवाला आल्या. अशा दौऱ्यात जिल्हा पोलिसांच्या वॉकीटॉकीपासून ताफ्यातल्या जॅमरपर्यंत सगळ्याचा मेळ घालावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. जॅमरचे मुख्य काम बोलणे लपवण्याचे नाही, तर दूरनियंत्रित स्फोटकाला मिळणारा इशारा अडवण्याचे आहे. तो लहरींत आपला-परका ओळखत नाही, म्हणून स्वतःच्या पोलिसांच्या वारंवारता मोकळ्या ठेवाव्या लागतात. ताफ्याच्या रस्त्यावर मोबाइल मुका होतो तो जॅमरमुळे. खासगी व्यक्तीला जॅमर वापरण्यास मनाई आहे.

यंत्रे सुधारली तरी ती टाळण्याची सवय कायम आहे. सुरक्षित संच अवजड असतो, जोडायला वेळ लागतो, आणि खिशातला फोन हाताशी असतो. मे १९९९ मध्ये, कारगिलचा संघर्ष चालू असताना, पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगहून रावळपिंडीतल्या लेफ्टनंट जनरल मोहंमद अझीझ यांच्याशी उघड्या लाइनवर बोलले. भारतीय गुप्तचरांनी ते टिपले आणि ११ जून रोजी भारताने ते जाहीर केले. घुसखोरीमागे पाकिस्तानी सेनाच आहे हे जगाला पटवण्यासाठी ते उपयोगी पडले. मात्र आपले कान कोठवर पोहोचतात हेही त्याबरोबर उघड झाले. २०१३ मध्ये जर्मन चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांच्या फोनवर अमेरिकेची पाळत असल्याचे वृत्त आले, तो फोन पक्षाने दिलेला होता. २०२१ च्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, संभाव्य लक्ष्यांच्या यादीत फ्रान्सचे अध्यक्ष इमान्युएल मॅक्रॉन यांचा क्रमांक निघाला आणि त्यांनी फोन बदलला.

ऐकणारा नेहमी परकाच असतो असे नाही. शेजारच्या कर्नाटकात मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजकारण्यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून १९८८ मध्ये पद सोडावे लागले. टॅपिंगला आधार होता १८८५ च्या तार कायद्यातील कलम ५(२) चा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यावर बंधने घातली, २००७ मध्ये टॅपिंगची कार्यपद्धती ठरवणारा नियम ४१९-अ आला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम झाले. आदेश देण्याचा अधिकार प्रामुख्याने केंद्र आणि राज्याच्या गृहसचिवांकडे आहे.