शिबिर संपल्यावर कोण थांबतं? म्हैसूरच्या डॉक्टर विद्यार्थ्यांची गोष्ट

आरोग्य शिबिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. गावच्या शाळेत मांडव, रक्तदाब मोजायला रांग, हातात गोळ्यांची पुडी आणि संध्याकाळी गाडी शहराकडे परत. आज मी सांगणार आहे म्हैसूरच्या अशा विद्यार्थ्यांबद्दल, ज्यांना एवढ्यावर समाधान वाटेना.

आधी थोडी पार्श्वभूमी. म्हैसूर विद्यापीठ १९१६ सालचं. महाराज कृष्णराज वाडियार चौथे आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात एका संस्थानानं ते उभं केलं. संस्थानाचं मेडिकल कॉलेज १९२४ मध्ये बंगळूरला निघालं आणि १९३० मध्ये म्हैसूरला आलं. तिथून डॉक्टर बाहेर पडत राहिले. पण शहरापासून जेमतेम ५० किलोमीटरवरच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या आदिवासी वस्त्यांना त्याचा उपयोग किती झाला?

१९८४ साली याच कॉलेजातल्या आर. बालसुब्रमण्यम या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन 'स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट' सुरू केली. सुरुवात अगदी साधी होती. औषध कंपन्या डॉक्टरांना जी सॅम्पल देतात, ती गोळा करून गरीब रुग्णांना द्यायची, रक्तदान शिबिरं घ्यायची, आठवड्यातून एकदा खेड्यात दवाखाना चालवायचा. म्हणजे आपल्या ओळखीचंच काम.

मग त्यांचं लक्ष हेग्गडदेवनकोटेकडे गेलं. तिथे जेनु कुरुब आणि काडु कुरुब राहतात. कन्नडमध्ये 'जेनु' म्हणजे मध, 'काडु' म्हणजे रान. नावातच त्यांचं जगणं आलं. पण १९७३ मध्ये बंदीपूरला व्याघ्र प्रकल्प आला, १९७४ मध्ये कबिनी धरण पुरं झालं. जंगल आणि धरणं या दोन्हींपायी ही माणसं आपल्या जागेवरून उठवली गेली. मध, कंद, रानभाज्या हातच्या गेल्या आणि मजुरी वाट्याला आली. अशा माणसाच्या आजाराला नुसती गोळी कशी पुरणार? पोटात अन्न नसेल तर तो बरा होऊन पुन्हा आजारीच पडणार.

मला या इतिहासातलं हे वळण सर्वांत मोलाचं वाटतं. या तरुण डॉक्टरांनी आपलं काम औषधापुरतं ठेवलं नाही. ब्रह्मगिरी या वस्तीत दवाखाना निघाला, त्यामागोमाग मुलांची शाळा आली. पुढे केंचनहळ्ळीला लहान रुग्णालय झालं आणि सरगूरला मोठं. आजार हा सामाजिक प्रश्न आहे, हे पुस्तकात सगळेच वाचतात. इथे त्या वाक्याप्रमाणे कामाची दिशाच बदलली.

आता महाराष्ट्राकडे या. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये मेडिकल कॉलेज काढलं. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते. विद्यार्थ्यांना कुटुंबं नेमून दिलेली असतात आणि शिक्षणाच्या काळात ते त्याच घरी पुन्हा पुन्हा जातात. गेल्या महिन्यात खोकणारी आजी या महिन्यात कशी आहे, हे पाहावंच लागतं.

दोन्हीकडचा फरक ध्यानात घ्या. सेवाग्रामला खेडं शिक्षणाचाच भाग आहे, त्यामुळे दरवर्षी नवी मुलं येतात आणि काम चालू राहतं. म्हैसूरला मात्र काही मुलांनी आपण होऊन ठरवलं आणि पदवीनंतर शहरातली प्रॅक्टिस सोडून ती राहिली. अशी माणसं दर तुकडीत निघतीलच याची खात्री कोण देणार? म्हणून त्यांचं कौतुक करून विद्यापीठांना मोकळं होता येणार नाही. एकाच्या त्यागातून जे उभं राहिलं, ते नियमानं चालावं ही जबाबदारी संस्थेची आणि सरकारची.

तेव्हा तुम्ही बेळगावला असा, इंदूरला असा की गडचिरोलीत, गावात शिबिर आलं तर किती रुग्ण तपासले हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा: आज ज्या बाईचं रक्त कमी निघालं, तिच्याकडे पुढच्या महिन्यात कोण जाणार आहे? उत्तरात एखादं नाव आलं, तर शिबिर कामाचं झालं असं समजायला हरकत नाही.

भेटूया पुढच्या भागात.