कॉपीराइटमुक्त जुने चित्रण (आर्वी, जि. वर्धा)

कॉपीराइटची मुदत संपल्यामुळे कोणालाही विनापरवानगी वापरता येणारे चलच्चित्रण. पुलगाव–आर्वी नॅरोगेज रेल्वेवर किंवा सेवाग्रामच्या गांधीपर्वावर व्हिडिओ करणाऱ्या आर्वीकराला ते हवेच असते. दृश्य जुने, म्हणून ते मोकळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. चित्रण कधी झाले यापेक्षा ते कोणत्या चित्रपटातून, कोणत्या वर्षी लोकांपुढे आले हे आधी पाहावे लागते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. 1992 पासून ती 60 वर्षे आहे. त्यामुळे 1964 चा चित्रपट 2024 अखेर मोकळा झाला. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांनाही हाच हिशेब लागू. याउलट, विठ्ठलभाई झवेरींचा ‘महात्मा’ हा दीर्घ माहितीपट 1968 चा. त्यातली कित्येक दृश्ये स्वातंत्र्यपूर्व काळातली असली, तरी माहितीपटाची जुळणी आणि निवेदन 2028 अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यातून तुकडा कापून घेण्यापेक्षा त्या दृश्याचे मूळ रीळ शोधणे श्रेयस्कर. ए. के. चेट्टियारांचा गांधीपट 1940 चा आहे, तिथून सुरुवात करता येते.

चित्र मोकळे झाले म्हणून त्यातला आवाजही मोकळा होतो, असे नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) कोणत्याही हिशेबाने मुदतीबाहेर गेला आहे. पण त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचे नसून शांताराम आठवले यांचे आहे. आठवले 1975 मध्ये वारले आणि साहित्यकृतीची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे असते. तेव्हा हे पद वापरायचे तर 2035 अखेरपर्यंत हक्काची चौकशी करणे भाग आहे.

‘मुदत संपली, मग संग्रहालय शुल्क का घेते?’ हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी रीळ जपणे, स्वच्छ करणे, स्कॅन करणे यांना खर्च येतो. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. उरलेले टिकवण्याचे मोल द्यायलाच हवे. ते शुल्क प्रतीचे असते, हक्काचे नव्हे. ‘इतक्या जुन्यासाठी कोण दावा लावणार?’ असेही विचारले जाते. पण व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की तो आर्वीपुरता राहत नाही. 1950 च्या दशकातले अनेक भारतीय चित्रपट इथे मोकळे असूनही अमेरिकेत प्रदर्शनापासून 95 वर्षे संरक्षित आहेत.