मुंबईची वीज: पाणी आणि अणू

अणुशक्ती हवी की सूर्य, वारा व पाणी, असा वाद हल्ली वरचेवर ऐकू येतो. श्रोतेहो, हा वाद घालणाऱ्यांनी मुंबईच्या विजेचा इतिहास एकवार चाळावा, एवढीच माझी विनंती आहे.

मुंबईस दगडी कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून दुरून आणावा लागे. सह्याद्रीवर कोसळणारे पावसाचे पाणी लोणावळ्याच्या परिसरात अडवून ते खाली खोपोलीस सोडावे, ही टाटांची योजना १९१५ साली सिद्धीस गेली आणि गिरण्यांची चाके पाण्याच्या बळावर फिरू लागली. पुढे कोयनेची जोड मिळाली. परंतु पावसाचा भरवसा तो किती! त्यातच ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेस भूकंप झाला. अनेकांचे प्राण गेले. तेथील वीज बंद पडली आणि दूर मुंबईतले कारखाने अडखळले.

तारापूरचे काम तेव्हा चालूच होते. त्याच्या मुळाशीही कोळशाचे तेच अंतर होते. १९६९ साली तेथील दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. अणुभट्टीचा स्वभाव संथ; रात्रंदिवस एकसारखे चालण्यातच तिचे हित. पाणी मात्र चपळ. दिवेलागणीस मागणी वाढली की झडप उघडावी, काही मिनिटांत यंत्र फिरू लागते. एकीने पाया धरावा, दुसऱ्याने चढउतार सांभाळावा, असा हा संसार आहे. आज सूर्य व वारा यांची भर पडत असता तर त्याची गरज अधिकच, कारण सूर्य नेमका दिवेलागणीसच मावळतो.

अणूलाही परावलंबन चुकले नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून येई. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यात अडथळे आले व पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. २००५ व २००६ साली सुरू झालेल्या तेथील नव्या भट्ट्या मात्र स्वदेशी बनावटीच्या असून नैसर्गिक युरेनियमवर चालतात. हा फरक मला लहान वाटत नाही.

आणखी एक खर्च आहे. तो विजेच्या दरात दिसत नाही. टाटांच्या धरणाखाली मुळशीच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. शक्ती स्वच्छ म्हणून विस्थापितांचे दुःख हलके होत नाही. मुळशीचा सत्याग्रह अयशस्वी झाला; त्या धरणाचे पाणी आजही भिऱ्याच्या वीजगृहात उतरते.