रस्ता करणारा परमवीर

मंडळी, परमवीरचक्र मरणोत्तरच मिळतं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ मरणोत्तर आहेत, तेव्हा समज साहजिक. पण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ज्या पाच जणांना ते मिळालं, त्यातले दोघे जिवंत परतले. एक रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. (कारवार कोणाचं यावर आज भांडायला नको. ते १९१८ साली जन्मले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं.)

१९४० साली राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले. डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. म्हणजे बघा, अगदी तळापासून वर आलेला अधिकारी.

८ एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं. रणगाडे तयार, पण रस्त्यात सुरुंग पेरलेले आणि ठिकठिकाणी अडथळे. सुरुवातीलाच तोफगोळे पडले. राण्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. तरी त्यांनी तुकडी सावरली आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरू. पुढे पाइनची झाडं आडवी पाडलेली. ती सुरुंग लावून उडवली. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. वरून मशिनगनचा मारा चालूच. ११ तारखेच्या रात्रीपर्यंत हे चाललं. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

त्यांच्या प्रशस्तिपत्रात त्यांनी किती शत्रू मारले याचा आकडा नाही. किती वाजता कामाला लागले, किती वाजता रस्ता मोकळा झाला, हेच आहे. मला ते वाचताना बांधकाम खात्याची डायरी आठवते, फक्त इथलं काम खरंच झालेलं!

१९६८ ला राणे मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात गेले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं.

आपल्या तालुक्यातही इंजिनिअर्स, सिग्नल्स, पुरवठा दलातून निवृत्त झालेले बरेच आहेत. 'गोळी झाडलीत का?' एवढंच विचारून लोक गप्प होतात. मी त्यांच्याशी बोलायला सुरुवात करतोय. घरात कोणाची जुनी पदकं, पत्रं असतील तर कळवा, मी येऊन बघेन.