माडीची खिडकी : जुन्नर-आंबेगाव परिसरातील लाकडी खिडक्या आणि त्यांची निगा

शिवनेरीच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्नर शहराचा इतिहास सांगताना नाणेघाट, लेण्याद्री, निजामशाही आणि शिवजन्म यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या घरांत या भागातील व्यापारी कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या, त्या घरांच्या इतिहासाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्नरची कल्याण पेठ किंवा बुधवार पेठ घ्या, अथवा आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव व मंचर घ्या. जुन्या घराची ठेवण साधारण एकच. खाली पेढी, मागे चौक, वर माडी आणि माडीला रस्त्याच्या अंगाने सागवानी खिडक्या. घर पाडावयाचे ठरले की प्रथम उतरते ती खिडकी. घर राखावयाचे ठरले तरी प्रथम बदलली जाते तीही खिडकीच. कारण विचारले तर ‘लाकूड जुने झाले’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर बहुतेक वेळा खरे नसते.

लाकूड केवळ वयाने जात नाही, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. त्यांना ऊन लागले नाही, पाणी लागले नाही, म्हणून त्या टिकल्या. जुन्नरच्या लेण्यांत लाकूड फारसे उरलेले नाही, पण लाकूडकामाची आठवण दगडात कोरलेली आहे. मानमोडीच्या डोंगरातील अंबा-अंबिका गटात चैत्यगृहाच्या दर्शनी भागी घोड्याच्या नालेच्या आकाराची जी कमान दिसते, ती मुळात सुताराची कमान होय. पाथरवटाने ती पाहून खडकात उतरविली. याच गटातील लेण्यांत पुढील काळात जैन मूर्ती स्थापिल्या गेल्या आणि भगवान नेमिनाथांची शासनदेवी अंबिका हिच्यावरून गटाचे नाव रूढ झाले, ही गोष्ट जुन्नरच्या जैन बांधवांना ठाऊक असेलच. त्या कमानीखाली उभे राहिले म्हणजे या भूमीत खिडकीचा विचार किती जुना आहे, याची कल्पना येते.

पुढे पेशवाईत वाड्याचे जे रूप घडले, त्यात जोते दगडाचे, भिंती विटांच्या व मातीच्या आणि सांगाडा लाकडाचा असे. भार खांब-तुळयांवर असल्याने भिंतीत उघड्या जागा ठेवता येत. लाकडाचा खरा शत्रू अग्नी. १८२८ साली पुण्याच्या शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत वरचे लाकडी मजले नष्ट झाले आणि आज दिसतो तो मुख्यत्वे तट, दरवाजे व जोती. विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्ये आग लागली. मात्र तो वाडा पुन्हा उभा करण्यात आला आणि त्याचा लाकडी दर्शनी भाग आजही पाहावयास मिळतो.

जुन्नर-आंबेगावातील व्यापाऱ्यांच्या घरांना वाड्याचा थाट नव्हता, सोय होती. गुजरात व मारवाडातून आलेल्या कुटुंबांनी पेढी आणि घर एकाच छपराखाली आणले. पेढीला दरवाजा नसे. रात्री खोबणीत एकामागून एक फळ्या सरकवून दुकान बंद करीत आणि सकाळी उलट क्रमाने काढून ठेवीत. प्रत्येक फळीवर खूण असे, कारण तिसरी फळी चौथ्या जागी बसत नाही. माडीच्या खिडकीचीही रीत अशीच होती. चौकट कूस आणि खाच यांनी जोडलेली, सांध्यातून लाकडी खुंटी ठोकलेली. जुन्या झडपांना बिजागरीसुद्धा नसे. झडपेच्या कडेच्या लाकडाचीच वर-खाली गोल टोके काढलेली असत आणि ती चौकटीच्या खोबणीत फिरत. आत आडवा अडसर. खुंटी बाहेर काढली की सारी खिडकी सुटी होते. एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसविता यावा, अशीच तिची घडण आहे.

इंग्रजी अमदानीत तीन गोष्टी आल्या : ब्रह्मदेशचा साग, लोखंडी गज आणि काच. ब्रह्मदेशी साग मुंबई बंदरात उतरे. खिडकीची सपाट काचही बराच काळ परदेशातूनच येत असे. तेव्हापासून भरीव फळीच्या झडपेत तावदाने बसू लागली. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीस दोरी व वजनाच्या आधाराने वरखाली सरकणारी तावदानी खिडकी रूढ झाली होती. आगीच्या भयाने लंडनमध्ये १७०९ च्या कायद्यान्वये अशा खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरील अंगापासून चार इंच आत बसविण्याचे बंधन आले. ती सरकती खिडकी आपल्या गावांपर्यंत फारशी पोहोचली नाही. येथे बाजूला उघडणारी झडपच राहिली. आपल्या पावसाला आणि उन्हाळ्यातील वाऱ्याला तीच मानवते. पूर्ण उघडली की खिडकीची संपूर्ण जागा वाऱ्याला मोकळी मिळते.

आंबेगावाची कथा मात्र वेगळी आणि थोडी दुःखाची. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते घोड नदीकाठचे जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. विदेशी कापडावरील बहिष्काराच्या चळवळीत १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राणार्पण करणारे, महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव त्या जलाशयाला आहे. गाव पाण्याखाली जाते तेव्हा दगडमातीच्या भिंती तेथेच राहतात. उचलून नेता येते ते लाकूड : तुळई, दरवाजा, खिडकी. खुंटीने जोडलेली चौकट उलगडून बैलगाडीत घालता येते. सिमेंटात पक्की केलेली चौकट फोडावीच लागते. हा भेद जुन्या सुतारांना पक्का माहीत होता.

आता निगेचा प्रश्न. खिडकी कोठून जाते, हे पाहिले तर असे दिसते की ती बहुधा तळातून जाते. पावसाचे पाणी झडपेवरून ओघळून चौकटीच्या खालच्या पाटावर साचते आणि उभ्या बाह्यांच्या बुडाशी, जेथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात तेथे, शोषले जाते. लाकूड कुजविते ती बुरशी. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर बुरशी सहसा वाढत नाही. म्हणजे सारी निगा मुख्यतः पाणी थांबू न देण्याची आहे. खालच्या पाटाला बाहेरच्या बाजूस उतार हवा. पाटाच्या तळाशी बाहेरील कडेला एक बारीक खाच हवी, म्हणजे थेंब तेथेच तुटून खाली पडतो आणि भिंतीकडे वळत नाही. पुष्कळ जुन्या खिडक्यांत ही खाच असते, पण रंगाच्या थरांनी बुजलेली असते. ती नुसती मोकळी केली तरी अर्धे काम होते.

कुजलेला भाग ओळखण्यासाठी आरीचे टोक बाहीच्या बुडाशी टोचून पाहावे. चांगल्या सागात ते जेमतेम रुतते. कुजलेल्या लाकडात सहज आत जाते. असा भाग वरवर लांबी भरून झाकणे म्हणजे फाटलेल्या धोतराला खळ लावण्यासारखे आहे. कुजके लाकूड चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढावे, काप तिरका घ्यावा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूस असावा आणि त्याच जातीच्या जुन्या सागाचा तुकडा शिरांची दिशा जुळवून बसवावा. कापडाच्या धंद्यात रफूगाराची जी कसोटी, तीच येथे सुताराची : ताण्याला ताणा आणि बाण्याला बाणा मिळाला पाहिजे. नवा, कोवळा साग जुन्याशी जुळत नाही. तो कमी-अधिक आकसतो आणि सांधा उघडतो. म्हणून पाडलेल्या घरांतील तुळयांचे तुकडे जळणात जाऊ देऊ नयेत.

पावसाळ्यात झडप फुगते, अडकते आणि घरातील कर्ता पुरुष तातडीने सुतार बोलावून रंधा मारून घेतो. ही सर्वांत मोठी घाई. मार्गशीर्षात तीच झडप सुकून आकसते आणि बोटभर फट पडते; मग त्या फटीत पुढच्या पावसाचे पाणी. रंधा मारावयाचाच तर उन्हाळ्यात, लाकूड कोरडे असताना मारावा. अनेकदा झडप लाकडामुळे अडकतच नाही, दर दिवाळीला चढविलेल्या ऑइल पेंटच्या थरांमुळे अडकते. हे थर काढताना सावधगिरी हवी. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशावर दहा लक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये, दिव्याने जाळू नये. पाणी मारून ओला खरवडावा, खरवड कागदावर गोळा करावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

तावदानाची लांबी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांची. ती उन्हाने कडक होऊन तडकली की काच खडखडते आणि पाणी आत शिरते. जुनी लांबी किकऱ्याने हलकेच काढावी, खाचेला जवसाच्या तेलाचा हात द्यावा, अन्यथा कोरडे लाकूड नव्या लांबीतील तेल ओढून घेते. लांबीवर रंग देताना तो अर्धा सूत काचेवर चढू द्यावा, म्हणजे काच आणि लांबी यांच्यामधील रेघ बंद होते. रंगारी नेमके तेवढेच सफाईने पुसून टाकतात! लोखंडी गजांकडेही पाहावे. गंज चढला की लोखंड फुगते आणि चौकट चिरते. भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर चौकटीच्या कडेने तरी चुन्याचा गिलावा ठेवावा. सिमेंट ओल अडवून धरते आणि ती ओल लाकडाकडे जाते.

वाळवी व भुंग्याच्या बाबतीत जैन घरांत एक निराळी अडचण असते. औषध मारले तर हिंसा, न मारले तर खिडकी जाते. जुन्या पिढीने यावर काढलेला मार्ग जयणेचा आहे. जीवोत्पत्तीच होऊ नये अशी काळजी घ्यावयाची : लाकूड कोरडे ठेवणे, फटी बुजविणे, भिंतीलगत ओल साठू न देणे, मृगापूर्वी खिडक्या पुसून तेलाचा हात देणे. लाकूड सुके असेल तर बुरशी धरत नाही आणि ओल नसेल तर वाळवीलाही तेथे येण्याचे कारण उरत नाही. येथे शास्त्र आणि आचार यांचे एकमत आहे.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या स्वस्त, हलक्या आणि देखण्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. ज्याचे घर तो जाणे. परंतु दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, आणि तिचे चाक किंवा पट्टी झिजली व तो नमुना बाजारातून गेला की सारीच बदलावी लागते. जुन्या खिडक्यांना गिऱ्हाईक आहे, हे तर शहरातील हॉटेलांच्या भिंती पाहिल्या की कळते. लाकडाच्या भावाने घेतलेली चौकट तेथे शोभेची वस्तू म्हणून टांगलेली असते.

गुजरातेतील पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराच्या सोळाव्या शतकातील सागवानी मंडपाचे असेच झाले. तो सुटा होऊन समुद्रापार गेला आणि १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो पुन्हा उभा करता आला, कारण त्याचे भाग सुटे करता येण्याजोगे होते. जुन्नर-मंचरच्या माडीवरील खिडकीत तेवढे कोरीव काम नाही. जोडणीची विद्या मात्र त्याच कुळातील आहे. ज्या घरांत खिडक्या उतरविणे अटळ असेल, तेथे उतरविण्यापूर्वी प्रत्येक चौकटीचे माप, झडप डावी की उजवी आणि खुंट्यांच्या जागा वहीत उतरवून घ्याव्यात आणि लाकडावर खडूने तोच क्रमांक घालावा. पेढीच्या फळ्यांवर घालीत तसाच.